बदल : निरंक

माझ्या नोकरीतली सर्वांत उंच जागा म्हणजे बँकेच्या दारातलं लाकडी स्टूल. दर शनिवारी सकाळी मी त्यावर चढत असे. स्टूल शिपाईमामा धरायचे, खडू मी धरायचा. शनिवार अर्ध्या दिवसाचा. त्यामुळे बारा वाजता शटर खाली यायच्या आत दारातल्या काळ्या फळ्यावरचे पाच आकडे पुसून नवे लिहायचे : सभासद संख्या, वसूल भागभांडवल, राखीव निधी, ठेवी, कर्जे. फळ्याच्या माथ्यावर 'विना सहकार नाही उद्धार' हे ऑइलपेंटमध्ये, म्हणजे कायमचं. उद्धाराचे आकडे मात्र खडूचे. एका जुलैत तिरप्या पावसाने कर्जांचा आकडा परस्पर धुऊन काढला, तेव्हा तीन कर्जदार येऊन आशेने चौकशी करून गेले.

या पाचांपैकी चौघांना वाली होता. ठेवींवर मॅनेजरसाहेबांचा डोळा, कारण त्यांची बढती त्यात. कर्जांवर संचालकांचा, कारण त्यांचे पाहुणे त्यात. राखीव निधीकडे ऑडिटर बघायचे आणि सभासद संख्येकडे पुढच्या निवडणुकीला उभे राहणारे. वसूल भागभांडवल मात्र पंगतीत चुकून बसलेल्या माणसासारखं. 'आणखी वाढू का' असं त्याला कुणी विचारायचं नाही. मला त्याची दया आली. एक दोनशेपानी वही आणली, तीन रकाने आखले : तारीख, आकडा, बदल. मागच्या शनिवारपेक्षा भागभांडवल किती वाढलं, किती घटलं, ते दर शनिवारी लिहायला लागलो. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, काड्यापेट्यांवरची चित्रं जमवतात. मी फरक जमवले.

पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. बदलच नव्हता. मी तिसऱ्या रकान्यात शून्य काढलं. हेडक्लार्कनी वही ओढून घेतली, लाल पेनाने शून्य खोडलं आणि वर लिहिलं, 'निरंक'.

"दोन्ही एकच ना?" मी म्हटलं.

"एकच कसं? शून्य म्हणजे काही नाही. निरंक म्हणजे आपण नीट बघितलं, आणि काही नव्हतं."

३२ वर्षांच्या नोकरीत मला बँकेकडून मिळालेलं तत्त्वज्ञान एवढंच. बाकी मग प्रॉव्हिडंट फंड.

आता 'वसूल भागभांडवल' या शब्दाकडे वळू. भांडवल दोन जातींचं असतं. अधिकृत भांडवल म्हणजे लग्नाच्या बोलणीत मुलाच्या मामाने सांगितलेला पगार आणि वसूल भांडवल म्हणजे त्यातला प्रत्यक्ष घरी येणारा. अधिकृतचा आकडा पोटनियमांत कितीही मोठा लिहिला तरी शाईखेरीज खर्च नाही. वसूल म्हणजे सभासदांनी खरोखर भरलेले पैसे. पण शब्द असा, की जणू संचालक मंडळाने सोटा घेऊन दारोदार हिंडून ते आणलेत.

चेअरमनसाहेबांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते लोक सहकाराच्या ओढीने भाग घेतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यांचं भाषण १८८९ साली बडोद्यात सुरू व्हायचं, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी काढलेल्या 'अन्योन्य सहकारी मंडळी'पासून. चहा येईपर्यंत १९०४चा सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायचा. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमापर्यंत मागच्या दोन रांगा वेफर्स संपवून पुड्यांच्या घड्या घालत बसलेल्या असायच्या. आणि लाभांशाचा ठराव यायचा तेव्हा सगळी सभा स्टीलच्या डब्यांच्या टेबलापुढे ओळीत उभी. कायद्याने लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. आमच्याकडे ती कमाल मर्यादा गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरासारखी होती. दहा टक्के जाहीर झाले की टाळ्या. पाचशेचे भाग असलेल्या सभासदाला पन्नास रुपये मिळायचे, आणि सभेला यायची रिक्षा साठ रुपये घ्यायची. डबा नसता तर सहकार चळवळीचा कोरम भरला नसता.

वहीने मात्र सहा महिन्यांतच मला खरं ते सांगितलं. भागभांडवल ओढीने वाढत नाही, ओढगस्तीने वाढतं. नियमच तसा. नागरी सहकारी बँकेतून विनातारण कर्ज घ्यायचं तर रकमेच्या ५ टक्के, आणि तारण देऊन घ्यायचं तर अडीच टक्के भाग घ्यावे लागायचे. कागदावर याचं नाव 'शेअर लिंकिंग'. काउंटरवर याला 'कापणे' म्हणतात.

"साहेब, पन्नास हजार मंजूर झाले होते ना?"

"झाले की."

"मग खात्यावर साडेसत्तेचाळीसच दिसतायत."

"अडीच हजारांचे शेअर्स कापलेत. आता तुम्ही बँकेचे मालक."

मालकांनी वळून आपल्या बँकेकडे पाहिलं. एक पंखा चालू, एक बंद. माठावरचा ग्लास साखळीने बांधलेला. पेन दोऱ्याने बांधलेलं. काही वेळाने ते म्हणाले, "मालक झालो तर व्याज माफ?"

"नाही."

"मग मालकाकडून व्याज घेतो कोण?"

"मालकच."

यावर ते इतका वेळ विचार करत उभे राहिले, की मागून रांगेतला एक जण ओरडला, "अहो मालक, आटपा!"

हे कळल्यावर वही पंचांगासारखी वाचता यायला लागली. वैशाखात लग्नं, बदल अधिक. जूनमध्ये कॉलेजच्या फिया, बदल अधिक. अधिक महिन्यात तर अधिकच, कारण जावयाला वाण द्यायला सासरे कर्ज काढायचे. कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की लोक कर्ज फेडायचे आणि त्यांतलाच एखादा 'माझे ते कापलेले द्या' म्हणत यायचा; बदल उणे. गावात कुणाकडे काय चाललंय ते मला न्हाव्याच्या आधी समजायचं, तेही रुपयांत. तपशील मी कधी फोडला नाही. पण बायकोने एकदा विचारलं, "समोरच्यांकडे लग्न ठरलं म्हणे, खरं का?" तर तोंडातून निघून गेलं, "पाच हजारांचं."

सगळ्यांत मोठी उडी मात्र लग्नाची नसे, शिक्षणाचीही नसे. ती मतदार यादीची तारीख लागायच्या आधीच्या दोन शनिवारांची. सभासद होण्याच्या अर्जांचे गठ्ठे यायचे, सगळे एकाच अक्षरात, एकाच शाईत, आणि पत्ता प्रत्येकावर एकच : मारुतीच्या देवळाजवळ. तिथे एवढी माणसं राहत असती तर मारुतीला गदा ठेवायलासुद्धा जागा उरली नसती. प्रत्येकाच्या नावावर भाग एकच, कारण सहकारात भाग एक घ्या की शंभर, मत एकच. शंभर भाग घेणारा वेडा ठरतो. शंभर माणसं आणणारा चेअरमन होतो. चळवळीतलं हे गणित मला कुठल्याही प्रशिक्षण वर्गात शिकवलं नव्हतं. वहीच्या ४१व्या पानावर ते आपोआप सुटलं.

उणे बदलाचं मॅनेजरसाहेबांना भय होतं. ठेवी घटल्या तर ते 'हंगामी' म्हणायचे, नफा घटला तर 'तरतुदींमुळे' म्हणायचे, पण भांडवल घटल्याचं स्पष्टीकरण त्यांच्याकडे नव्हतं. "लोक जाता-येता फळा बघतात हो," ते म्हणायचे. "मालकच पैसे काढून चाललेत असं दिसलं, तर ठेवीदार थांबतील का?" म्हणून एक अलिखित नियम झाला. शुक्रवारी कुणी भाग परत मागायला आलं की मी अर्ज हातात घ्यायचो, उलटसुलट करून बघायचो, चष्मा कपाळावर न्यायचो आणि म्हणायचो, "सोमवारी या." सोमवारी पैसे दिले की पुढच्या शनिवारपर्यंत अख्खा आठवडा हातात. तेवढ्यात कुणाची तरी म्हैस आजारी पडते, कुणाच्या बोअरला पाणी लागत नाही, त्याचे कापले जातात आणि फळ्यावर सगळं साजरं दिसतं. अनेक शनिवारी वहीत 'निरंक' आलं ते असं. आत दोन हजार गेलेले, दोन हजार आलेले. एकाचं ओझं उतरलेलं, दुसऱ्याचं चढलेलं. वर मात्र निरंक. नीट बघितलं, आणि काही नव्हतं म्हणे!

अशाच एका शुक्रवारी एक आजी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आणि तिच्यातून भाग दाखला निघाला. आठ घड्या पडलेला, यजमानांच्या नावाचा. शंभराचे दहा भाग. यजमान जाऊन वर्ष होत आलेलं. मी मनातल्या मनात 'उणे एक हजार' लिहून बसलो आणि तोंडाने पाठ म्हणायला लागलो, "मृत्यूचा दाखला लागेल, वारसनोंद बघावी लागेल, परताव्याचा अर्ज…" 'सोमवारी या' अगदी ओठांवर आलं होतं.

"पैसं नगं रं बाबा," आजी म्हणाल्या. "वर्सातनं एकदा त्यांच्या नावाचं पाकीट यायचं बँकेचं, सभेचं. पोष्टमन दारात उभा राहून मोठ्यांदा नाव घ्यायचा. ह्या वर्सी आलं न्हाई. तेवढं पाकीट चालू कर."

नॉमिनेशन त्यांचंच होतं. म्हटलं, "आजी, भाग तुमच्या नावावर करतो. पाकीट येईल, पण तुमच्या नावाचं येईल."

"माज्या?" आजी जरा बिचकल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "मला कधी कुनी पत्र धाडलं न्हाई."

त्या शनिवारी भागभांडवल आधीइतकंच होतं, पैशाचाही फरक नाही. मी वहीत निरंक लिहिलं आणि बराच वेळ त्याच ओळीकडे बघत बसलो. पुढच्या सभेला आजी आल्या, १८८९पासून सगळं भाषण जागेपणी ऐकणाऱ्या त्या एकट्या, आणि जाताना डबा घेऊन गेल्या.

मी निवृत्त झालो तोवर फळा गेला होता. त्याच्या जागी लाल अक्षरांची पळती पट्टी आली. तिच्यावर भागभांडवल येतं, पण कोटीच्या पुढचं वाचेपर्यंत 'आमचेकडे लॉकर उपलब्ध' येऊन जातं. फरक जमवणाऱ्याला घरी करमेना. मग विचार केला, तालुक्याची बँक सुटली तर देशाची धरू. थेट रिझर्व्ह बँकेच्या नावाचा रकाना आखला.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ला सुरू झाली तीसुद्धा आमच्यासारखीच, भागधारकांच्या पैशावर. भांडवल ५ कोटी; शंभर रुपयांचे ५ लाख भाग. कलकत्त्याला १ कोटी ४५ लाखांचे, मुंबईला १ कोटी ४० लाखांचे, मग दिल्ली, मद्रास, आणि रंगूनसाठीदेखील ३० लाखांचे राखून ठेवलेले. १ जानेवारी १९४९ला सरकारने बँक ताब्यात घेतली, तेव्हा गव्हर्नर होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. शंभराच्या भागाला ११८ रुपये १० आणे भरपाई ठरली. कलकत्त्यापासून मद्रासपर्यंतचे मालक एका दिवसात बदलले, आणि भांडवल? ५ कोटीच. आजींच्या दाखल्यासारखंच. नाव बदललं, आकडा नाही.

गंमत म्हणजे तो आकडा आजही तेवढाच आहे. कायद्याच्या कलम ४मध्येच लिहून ठेवलंय, की बँकेचं भांडवल ५ कोटी रुपये असेल. मार्च २०२५ अखेरचा रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद ७६ लाख कोटींच्या वर गेला, म्हणजे दर १५ लाख रुपयांमागे भांडवलाचा जेमतेम एक रुपया. शिवाजी पार्कसमोर घर बघायला गेलात आणि खिशात रिझर्व्ह बँकेचं संपूर्ण भांडवल असलं, तरी एजंट विचारेल, "आणि बाकीचे?" त्याच वर्षासाठी बँकेने केंद्र सरकारला दिलेली वरकड रक्कम होती २ लाख ६८ हजार ५९० कोटी. मी कॅल्क्युलेटर काढून ५ लाख भागांनी भागलं. शंभराच्या एका भागामागे त्रेपन्न लाखांहून जास्त! १९४९ साली ११८ रुपये १० आणे मोजून घेतलेल्या माणसाच्या नातवाला हे सांगू नये. आणि आम्ही दहा टक्क्यांवर टाळ्या वाजवत होतो, वर डबा.

तर दर शुक्रवारी संध्याकाळी रिझर्व्ह बँकेची साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी आली, परकीय चलनाची गंगाजळी इतकी वाढली, तितकी घटली अशा बातम्या सुरू झाल्या, की मी वही उघडतो आणि भांडवलापुढे लिहितो : ५ कोटी, बदल निरंक. सहा महिने बघून बायको म्हणाली, "रोज तेच लिहायचंय तर शिक्का करून घ्या." मी करून घेतला. पोस्टासमोरच्या शिक्केवाल्याने विचारलं, "फक्त 'निरंक'? नाव, हुद्दा काही नको?" मी म्हटलं, "निवृत्त आहे."

एवढ्यावर भागलं असतं, पण न्यू जर्सीतल्या भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, तुमची वही इकडे सरकारी छापतात." चौकशी केली तर खरंच! अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा एच. ४.१ नावाचा तक्ता दर गुरुवारी तिथल्या दुपारी साडेचारला निघतो. त्यात 'भरणा झालेलं भांडवल' ही स्वतंत्र ओळ असते आणि पुढे मागच्या आठवड्यापेक्षा किती फरक, मागच्या वर्षापेक्षा किती फरक, दोन्ही. माझे रकाने! आकडे दशलक्ष डॉलरमध्ये, म्हणजे माझ्या खडूच्या एका टिंबात दहा लाख डॉलर.

त्यांचा आकडा का हलतो ते वाचलं आणि मी खुर्चीतच टाळी दिली, स्वतःलाच. तिथे फेडच्या सदस्य बँकांना आपल्या भांडवल-निधीच्या ६ टक्क्यांइतके भाग आपापल्या विभागाच्या रिझर्व्ह बँकेत घ्यावे लागतात. निम्मे पैसे आत्ता, निम्मे मागू तेव्हा. हे भाग विकता येत नाहीत, गहाण ठेवता येत नाहीत. सदस्य बँकेचं भांडवल वाढलं की आणखी भाग घ्या, घटलं की परत करा. म्हणजे न्यूयॉर्कची मोठमोठी बँकसुद्धा शेवटी काउंटरपुढे उभी : "अहो, आमचे किती कापले?" लाभांश १९१३च्या कायद्यापासून ६ टक्के ठरलेला. २०१५ साली त्यांच्या संसदेने रस्त्यांसाठी पैसे उभे करायला एक कायदा केला आणि त्यात मोठ्या बँकांचा हा लाभांश छाटला. आता दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दर सहाच्या खाली असेल तर तेवढाच मिळतो. भागधारकांच्या लाभांशातून डांबरीकरण! आमच्या सभेत असा ठराव कुणी मांडला असता तर डबे फेकून मारले असते.

त्यांची दुपार म्हणजे आपली पहाट. तिकडे उन्हाळा असेल तर आपल्याकडे शुक्रवारचे पहाटेचे दोन वाजलेले असतात, हिवाळा असेल तर तीन. मी गजर लावून उठतो, दिवा लावतो, चहा ठेवतो आणि अमेरिकेच्या भांडवलाचा आठवडी फरक वहीत उतरवतो. शेजारच्यांना पहाटे दिवा दिसला. एकदा जिन्यात गाठून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काका, प्रोस्टेट का?"

"नाही हो," मी म्हटलं, "भांडवल."

त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. त्यांना वाटलं असावं, की हा त्याच्याही पुढचा टप्पा.

परवा आवराआवर करताना माझा स्वतःचा भाग दाखला हाती लागला. नोकरीला लागण्याआधी स्कूटरसाठी वीस हजारांचं कर्ज घेतलं होतं, त्यात माझेही पाचशे कापले होते. कर्ज फिटलं, स्कूटर भंगारात गेली, भाग राहिले. म्हटलं, आता हे मोकळं करावं. रीतसर अर्ज लिहिला आणि बँकेत गेलो. काउंटरवर एक नवी मुलगी होती. तिने अर्ज हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, चष्मा कपाळावर नेला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. वार शुक्रवार.

"काका," ती म्हणाली, "सोमवारी याल का?"

"का गं?"

तिने आवाज खाली आणला. "उद्या आठवड्याचं स्टेटमेंट जातं ना. भांडवलात उणे दिसलं की साहेब चिडतात."

मी अर्ज परत घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला. बाहेर लाल पट्टी पळत होती. उभा राहून पूर्ण एक फेरी वाचली. घरी येऊन वही उघडली. तीन बँकांचे तीन रकाने होतेच, शेजारी चौथा आखला, माझ्या नावाचा. शिक्क्याची शाई सुकली होती. तोंडाजवळ नेऊन 'हा' करून दोनदा वाफ दिली आणि दाबला.

सोमवारी मी गेलो नाही.